किटलीत मोजू नकोस, तोटीपाशी मोज

तुझा प्रश्न वाचला. म्हणजे थोडक्यात असा की तू जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याहून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला आलास, सप्टेंबरात ऑफिसातल्या लोकांबरोबर जवळच्या हॉक माउंटन नावाच्या डोंगरावर गेलास, तिथे फळ्यावर स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांचे आजचे आकडे, सीझनचे आकडे लिहिलेले बघितलेस आणि डोक्यात किडा वळवळायला लागला, की हे लोक खरंच मोजतात का ठोकून देतात. शिवाय तोच पक्षी फिरून परत आला तर दोनदा धरला जात नाही का, आणि एवढं करून उपयोग काय. मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते, गेले सतरा सीझन शनिवार-रविवार आणि उरलेली जवळपास सगळी रजा एका छोट्या डोंगरावर मान वर करून हेच पक्षी मोजण्यात घालवलीये, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस. वयाने मोठी आहे म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

खरंच मोजतात. एकेक. जिथे एकेक शक्य नाही तिथे पाच-पाच आणि अगदीच पूर आला तर दहा-दहा, पण मोजतात. आणि मोजण्यात खरी मेख आहे ती कुठे आणि कधी मोजायचं यात, बाकी बेरीज काय पहिलीतल्या पोरालाही येते.

तू गेलास तो आठवडा ब्रॉड-विंग्ड हॉकचा. कावळ्याएवढा पक्षी, आपल्याकडे माळावर तिसा दिसतो ना साधारण तसा अंगाने, शेपटीवर जाड काळेपांढरे पट्टे, पंख खालून फिकट आणि कडेला पेनाने गिरवल्यासारखी काळी रेघ. हे सगळे कॅनडा आणि इथल्या जंगलांतून निघून मेक्सिकोवरून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत जातात, काही तर पेरू-बोलिव्हियापर्यंत, आणि एवढा प्रवास पंख मारत केला तर वाटेतच संपतील, म्हणून ते थर्मल वापरतात. सकाळी ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचा खांब वर चढतो, गावाकडे उन्हाळ्यात पाचोळ्याची वावटळ उठते त्याचाच मोठा भाऊ समज, त्यात हे पक्षी घुसतात आणि पंख न हलवता गोल गोल फिरत वर वर जातात, एकाला बघून दुसरा येतो, दुसऱ्याला बघून दहा, आणि बघता बघता दोनशे-तीनशे पक्ष्यांचा भोवरा तयार होतो. इथले लोक त्याला केटल म्हणतात. वर पोचले की तिथून एकेक जण पंख थोडे आवळून नैऋत्येकडे घसरत निघतो, उंची कमी होत होत पुढच्या थर्मलपाशी पोचतो, परत वर. दिवसभर हाच धंदा.

माझ्या पहिल्या सीझनला मी असाच एक भोवरा दुर्बिणीत धरला आणि मोजायला लागले. सतरा, अठरा, अरे हा आत्ता मोजला का, एकवीस... सगळे फिरतायत, एकमेकांच्या पुढून मागून जातायत, वरचा खाली येतोय. मी छातीठोकपणे एकशे ऐंशी म्हटलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसायचे, रिटायर्ड शाळामास्तर, मला हे सगळं त्यांनीच शिकवलं. ते काही बोलले नाहीत, नुसते थांबले. चार-पाच मिनिटांनी भोवऱ्याच्या वरच्या टोकातून पक्षी सुटायला लागले, ओळीने, आणि त्यांचा अंगठा क्लिकरवर चालायला लागला. शेवटचा पक्षी गेला तेव्हा क्लिकरवर एकशे बारा. मला म्हणाले, फिरतायत तोवर बघत बस, निघाले की मोज. मी मनात त्याचं मराठी करून टाकलं. केटल म्हणजे किटली, तर किटलीत मोजू नकोस, तोटीपाशी मोज. उकळत्या किटलीत डोकावून किती कप चहा आहे ते कुणाला सांगता येतं का, ओतताना कप मोजायचे.

आता तोटीपाशी म्हणजे नेमकं कसं ते सांगते, कारण बहुतेक नवीन लोक इथेच चुकतात. पक्षी सुटले की आपण दुर्बीण त्यांच्या मागे फिरवतो, साहजिकच आहे, छान दिसतात. तसं करायचं नाही. दुर्बीण एका जागी रोवायची, ढगाची एखादी कड, किंवा दूरचा मोबाइल टॉवर असेल तर त्याच्या बरोब्बर वरची जागा, आणि ती रेघ ओलांडेल तो एक. हायवेवर टोलनाका असतो तसं. गाडीच्या मागे धावायचं नाही, नाक्यावर उभं राहायचं. आणि तेवढ्या वेळात शेजारच्याने भोवऱ्याच्या बुडाकडे लक्ष ठेवायचं, कारण खालून नवीन भरती चालूच असते, आणि तिसरा कुणी असेल तर त्याने बाकीचं आकाश बघायचं. सगळेच्या सगळे एका किटलीकडे तोंड वासून बघत बसले की डोक्यावरून शंभर जण चोरपावलांनी निघून जातात, आमचं झालंय असं, एकदा नाही, कैकदा.

क्लिकर म्हणजे तो हातात मावणारा, बटण दाबलं की आकडा पुढे जाणारा. त्याचा माझा एक किस्सा आहे. थंडीचे दिवस, मी क्लिकर जॅकेटच्या खिशात टाकला, त्याच खिशात टिश्यूचं पाकीट आणि सुंठवडीची पुडी, दिवसभर वाकणं-उठणं चालू. संध्याकाळी बघते तर रेड-टेल हॉकचा आकडा एकोणसाठ. तासातासाला फॉर्मवर लिहिलेली बेरीज सत्तेचाळीस. म्हणजे बारा पक्षी सुंठवडीने मोजले होते! फॉर्मवर सत्तेचाळीसच गेले. तेव्हापासून क्लिकर गळ्यात, आणि दर तासाला काहीही झालं तरी लिहून मोकळं व्हायचं.

दोनदा मोजण्याचं विचारलंस. एकाच डोंगरावर त्याची शक्यता कमी, कारण मोजायचा कुणाला याचे नियम आहेत. आपल्या नजरेसमोर एक काल्पनिक रेघ, ती ओलांडून जो दक्षिणेकडे ठाम निघालाय तो मोजायचा. जो झाडावर बसलाय, उलटा गेलाय, दरीत उंदीर शोधत घिरट्या घालतोय, तो इथला रहिवासी, त्याला नाही धरायचं. आमच्याकडे एक रेड-टेल होता, डाव्या पंखाचं एक पीस तुटलेलं, दिवसभर विजेच्या खांबावर बसून आल्यागेल्यावर डोळा ठेवायचा आणि कुणी परका रेड-टेल आला की मागे धावून त्याला हद्दीबाहेर काढून यायचा. मी त्याचं नाव पाटील ठेवलं होतं. नवीन पोरं पाटलांना दिवसातून पाच वेळा मोजायची. गिधाडांचं तर सगळ्यात अवघड, टर्की व्हल्चर सकाळ-संध्याकाळ इकडून तिकडे उंडारत असतात, त्यातले प्रवासी कुठले आणि गावातले कुठले हे ठरवताना जीव जातो, म्हणून कित्येक ठिकाणी त्यांना मोजतच नाहीत. दोन वेगवेगळ्या डोंगरांवर मात्र तोच पक्षी मोजला जातोच, आमच्यावरून सकाळी गेलेला हॉक माउंटनला दुपारी दिसू शकतो, पण त्याने बिघडत नाही कारण दोन ठिकाणचे आकडे कुणी एकमेकांत मिळवत नाही. प्रत्येक डोंगराची आपापली वही.

आणि इथेच ती मुख्य गोष्ट येते जी फळ्यावरचा आकडा बघून कळत नाही. हा आकडा म्हणजे किती पक्षी गेले हे नव्हे. तो आकडा म्हणजे या जागेवरून, इतक्या तासांत, इतक्या डोळ्यांना किती दिसले. निरभ्र निळं आकाश असलं की लोकांना वाटतं वा, काय मस्त दिवस, आणि आम्ही कपाळाला हात लावतो. निळ्या आकाशात उंचावरचा पक्षी दिसतच नाही, नजर कशावर टेकवायची तेच कळत नाही, डोळ्यांतल्या माश्यांसारखे ठिपके तरंगायला लागतात आणि पक्षी कुठला ठिपका कुठला कळेना होतं. पांढरे कापसासारखे ढग असले की तेच पक्षी शाईच्या थेंबासारखे उठून दिसतात. भर दुपारी तर थर्मल इतके जोरात असतात की पक्षी नजरेच्या पार जातात, फळ्यावर दीड तास शून्य, लोक डबे उघडतात, आणि वर कदाचित पाचशे जात असतील. म्हणून फॉर्मवर नुसते पक्षी नसतात, दर तासाला वारा कुठून, किती जोराचा, तापमान, ढग किती, लांबवरचं किती दिसतंय, मोजणारे किती जण, आणि पक्षी किती उंचावरून चाललेत तेही. नजरेच्या खालून, म्हणजे दरीतून जात असले तर शून्य, साध्या डोळ्याला सहज दिसले तर दोन, दुर्बिणीशिवाय दिसतच नसले तर चार, असा कोड आहे. हे सगळं असेल तरच यंदाचा आकडा दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. नाहीतर मग ते लग्नाला किती लोक आले होते त्यातलं, मुलीकडचे म्हणतात आठशे, केटरर म्हणतो साडेअकराशे.

यावरूनच सांगते, शून्यसुद्धा लिहायचं असतं. नवीन लोक हुरूप असतो तेव्हा येतात, गर्दीच्या दिवशी येतात, आणि पूर्वेचा दमट वारा असला की घरी बसतात. मग काय होतं, वहीत फक्त चांगलेच दिवस राहतात. मला एखाद्या जागेची वही बघायला दिली तर मी मोठे आकडे बघतच नाही, आधी शून्यं शोधते. पाच तास बसून तीन गिधाडं आणि एक शार्प-शिन नावाचा छोटा हॉक लिहिणारा माणूस असेल तर त्याच्या तीन हजारावर माझा विश्वास बसतो.

दुसरी शोधते ती न ओळखलेल्यांची ओळ. फॉर्मवर तशी जागाच असते, शिकारी पक्षी, जात माहीत नाही. तिथे काहीच नसेल आणि पाचशे पक्षी पटापट ओळखले असतील तर समजायचं कुणीतरी उगाच शहाणपणा केलाय.

ओळखतात कसं हेही तू विचारलंयस, की एवढ्या लांबून तर नुसता ठिपका दिसतो. अरे, दादरच्या पुलावरून खालच्या गर्दीत तू आपला माणूस कसा ओळखतोस? शर्टाच्या बटणांवरून नाही ना. चालीवरून. इथेही पिसं-बिसं नंतर, आधी चाल. टर्की व्हल्चर पंख वर उचलून इंग्रजी व्ही करतो आणि दारू प्यायल्यासारखा डुगडुगतो. बाल्ड ईगल पाटासारखे सपाट पंख ठेवून येतो, डुगडुगणं नाही काही नाही, मालगाडी. ऑस्प्रे, म्हणजे आपल्याकडचा कैकर, तोच पक्षी बरं का, उजनीवर हिवाळ्यात दिसतो तो, त्याचे पंख मनगटात मोडलेले, समोरून एम दिसतो. हॅरियर म्हणजे आपला भोवत्या, इथली जात वेगळी, शेपटीच्या मुळाशी पांढरा चट्टा. शार्प-शिन छोटासा, आपल्या शिकऱ्याचा धाकटा भाऊ शोभेल, त्यातला नर तर शंभर ग्रॅमच्या आसपास, फडफड फडफड घसर, फडफड फडफड घसर. कूपर्स हॉक त्याच्यासारखाच पण मान पुढे काढलेली, फडफड जरा संथ, आणि या दोघांवरून आमच्या डोंगरावर जेवढी भांडणं झालीत तेवढी भाऊबंदकीत होत नाहीत. लहान कूपर्स आणि मोठा शार्प-शिन, वरून उन्हाची तिरीप, सांग काय करायचं. न ओळखलेल्यात टाकायचा, दुसरं काय.

हॉक माउंटनवर खांबावर प्लास्टिकचं घुबड बघितलंस का? ते शोभेला नसतं. शार्प-शिनला घुबडाचा भारी राग, येताजाता त्याच्या टाळक्यात झेप मारून जातो, त्यामुळे तो जवळून बघायला मिळतो.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. उत्तरेकडून थंड हवेचा पट्टा आला, पाऊस पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी वारा वायव्येचा झाला की रजा टाकायची. किटाटिनी नावाची डोंगररांग आहे, ईशान्येकडून नैऋत्येकडे आडवी पसरलेली, हॉक माउंटन तिच्यावरच आहे, तिच्यावर वायव्येचा वारा आपटला की त्याला जायला जागा वरच असते. मग माथ्याच्या कडेकडेने वर चढणाऱ्या हवेची एक लांबच लांब पट्टीच तयार होते, आणि पक्षी तिच्यावर पंख न हलवता मैलोन्मैल घसरत जातात. फुकटचा प्रवास. त्या दिवशी ते नजरेच्या उंचीवरून जातात, डोळ्यांतला पिवळा रंग दिसेल इतक्या जवळून. हॉक माउंटनच्या नॉर्थ लुकआउटवरून, म्हणजे तिथल्या मोजायच्या जागेवरून, समोरच्या रांगेवरच्या उंचवट्यांना नंबर दिलेत, कुणीतरी ओरडतं थ्रीच्या वर एक, सगळ्या दुर्बिणी तिकडे वळतात. आपल्या डोंगरावर पहिल्या दिवशी हे नंबर आणि खुणाच पाठ करायच्या. झाडाच्या वर, झाडाच्या उजवीकडे असं ओरडलास तर कुणाला काही कळणार नाही, समोर दहा लाख झाडं आहेत.

सीझन ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. मी तो आपल्या सणांवर बसवलाय, घरच्यांना कळावं म्हणून. सुरुवातीला श्रावणात ऑस्प्रे आणि बाल्ड ईगल. गणपती-पितृपक्षाच्या सुमारास ब्रॉड-विंग, त्यांचा बहर साधारण १४ ते २० सप्टेंबर, पाच-सहा दिवसांत बहुतेक सगळा खेळ आटोपतो, आणि म्हणूनच आमच्या मंडळाच्या गणपतीला मी कधीच वेळेवर नसते, आरतीला माझी जागा रिकामी आणि नवरा सगळ्यांना सांगतो की ती डोंगरावर आहे, लोकांना वाटतं आमचं भांडण झालंय. नवरात्र-दसऱ्याकडे शार्प-शिन आणि कूपर्स. कोजागिरीनंतर रेड-टेल सुरू होतात. आणि दिवाळीच्या आगेमागे, हातमोजे, दोन टोप्या, थर्मासमधला चहासुद्धा गार होतोय, अशा वेळी गोल्डन ईगल. दोन मीटर पंखांचा, मानेवर सोनेरी झाक, हॉक माउंटनला अख्ख्या सीझनला शे-दीडशेच जातात. अधिक महिना आला की पंचांग सरकतं, पक्षी नाही सरकत, तेवढं गृहीत धर.

शिकारी पक्ष्यांबरोबर बाकीचीही वरात असते. ब्लू जे चाळीस-पन्नासच्या टोळीने झाडांच्या शेंड्यावरून, कॅनडा गूजच्या आरोळ्या, सप्टेंबरात हमिंगबर्ड कानाजवळून सूं करून जातो, आणि मोनार्क फुलपाखरं, तीपण मेक्सिकोलाच निघालेली. काही जागी यांचीही नोंद करतात. खरं मोजायचं कौशल्य बघायचं तर ॲव्हलॉनला जा, जर्सीच्या किनाऱ्यावर, तिथे समुद्री बदकं मोजतात, १९९३ पासून. स्कोटर नावाची काळी बदकं पाण्याला लागून लांबलचक दोऱ्यासारखी ओळ करून जातात, सीझनचा आकडा लाखांत जातो. तिथे रेघेचं तंत्र चालत नाही, वेग फार असतो. तिथे आधी दहा पक्षी खरेखरे मोजायचे, ते दहा मिळून केवढी लांबी होते ती डोळ्यांत बसवायची, आणि मग वितीने कापड मोजतो तसं ती लांबी ओळीवर टाकत जायचं. घरी सराव करायचा असेल तर ताटात मूठभर तांदूळ टाक, तीन सेकंद बघ, आकडा बोल, मग मोज. मी केलंय. सुरुवातीला सगळेच कमी बोलतात, आणि गंमत म्हणजे घोळका जेवढा मोठा तेवढी चूक जास्त.

उपयोग काय. याला उत्तर म्हणून मी हॉक माउंटनचीच गोष्ट सांगते. १९२९ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने गॉसहॉक नावाचा शिकारी पक्षी मारला की पाच डॉलर बक्षीस ठेवलं होतं. मंदीचे दिवस, पाच डॉलर काय थोडे नाहीत. लोक त्या डोंगरावर बंदुका घेऊन बसायचे आणि जाईल तो पाडायचे, गॉसहॉक असो नसो. तू जिथे मस्त सँडविच खात बसला होतास ना, तिथेच. १९३२ मध्ये रिचर्ड पॉफ नावाच्या तरुणाने खाली पडलेले पक्षी ओळीने मांडून फोटो काढले, ते न्यूयॉर्कच्या रोझली एज बाईंनी बघितले आणि १९३४ साली बाईंनी तो डोंगरच, सुमारे १,४०० एकर, आधी भाड्याने घेतला आणि मग विकत. राखणीला मॉरिस ब्राउन आणि त्याची बायको इर्मा. ब्राउनने त्याच शरदात माथ्यावर बसून मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या महायुद्धातली थोडी वर्षं सोडली तर वही आजपर्यंत चालू आहे. जगात शिकारी पक्ष्यांची एवढी जुनी वही दुसरीकडे नाही.

आता बघ, १९३४ मध्ये डीडीटी हे कीटकनाशक म्हणून कुणाला माहीत नव्हतं. ब्राउन काही डीडीटीसाठी मोजत नव्हता. पण त्याने एक चांगलं केलं, बाल्ड ईगल लिहिताना पांढऱ्या डोक्याचे, म्हणजे वयात आलेले, आणि तपकिरी डोक्याचे, म्हणजे पोरं, असे वेगळे लिहिले. १९३५ ते ३९ मध्ये शंभरात चाळीस पोरं होती. १९५५ ते ५९ मध्ये वीस. आणि १९५७ ला तर बत्तीस मोठ्यांमागे एक पोर. म्हणजे गरुडांची घरं होती, म्हातारे होते, पण पाळणे हलेनासे झाले होते. नुसती एकूण बेरीज ठेवली असती तर हे इतकं स्पष्ट दिसलंच नसतं, कारण म्हातारे गरुड अजून वर्षानुवर्षं उडतच होते. १९६२ मध्ये रेचल कार्सन बाईंनी कीटकनाशकांवर पुस्तक लिहिलं त्यात हे आकडे वापरले. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटी बंद झालं, २००७ मध्ये बाल्ड ईगल धोक्याच्या यादीतून बाहेर आला. मी मोजायला लागले तेव्हाही दिवसाला एक-दोन दिसले तरी कौतुक होतं, आता सप्टेंबरातल्या चांगल्या दिवशी पोरं जांभया देतात, हं, अजून एक बाल्ड. मी त्यांना ओरडते. वय लिही आधी.

उलटंही दिसतं. अमेरिकन केस्ट्रेल, आपल्या खरुचीचा चुलतभाऊ, पूर्वेकडच्या बऱ्याच जागी कमी कमी होत चाललाय आणि कारणावर अजून एकमत नाही. रेड-टेलचे आकडेही घटताना दिसले, पण तिथे भानगड वेगळी, हिवाळे सौम्य झाल्यामुळे बरेचसे रेड-टेल उत्तरेतच थांबतात, आमच्यापर्यंत येतच नाहीत. म्हणजे पक्षी मेले का पक्ष्यांनी प्रवास रद्द केला हे एका डोंगरावरून कळत नाही, त्यासाठी बऱ्याच डोंगरांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. १९७४ पासून इथे त्यासाठी संघटना आहे, सगळे एकाच पद्धतीचा फॉर्म भरतात.

हॉक माउंटनला सीझनला साधारण अठरा-वीस हजार पक्षी. हे ऐकून छाती फुगली असेल तर मेक्सिकोतलं व्हेराक्रूझ ऐक, चाळीस लाखांच्या वर. ब्रॉड-विंगला समुद्र ओलांडायला आवडत नाही, पाण्यावर थर्मल मिळत नाहीत, म्हणून जवळजवळ सगळा उत्तर अमेरिकेचा माल मेक्सिकोच्या आखाताला वळसा घालून तिथल्या चिंचोळ्या पट्टीतून जातो. काळ्या समुद्राकाठी जॉर्जियात बाटुमीला असंच, दहा लाखांच्या वर.

आणि तू म्हणालास की आपल्याकडे असं काही नाही, ते मात्र बरोबर नाही. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळ ठूलाखर्कला दर शरदात हिमालयाच्या कडेने पश्चिमेला निघालेले स्टेप ईगल मोजतात, धरमशाळेकडेही तेच गरुड. अमूर ससाणा तर खास आपल्या वाटेचा. सैबेरिया-चीनकडून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमध्ये दोयांग जलाशयावर लाखोंनी उतरतो. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून हजारोंनी मारले जातायत हे बाहेर आलं आणि पुढच्याच वर्षी गावांनी ते बंद करून दाखवलं. तिथून भारत ओलांडून, अरबी समुद्र एका दमात पार करून दक्षिण आफ्रिका, आणि पक्षी केवढा, दीडशे ग्रॅमचा. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारावर लोकांना दिसतो, तू पुण्याचा असून बघितला नाहीस म्हणजे कमाल आहे. आणि तोटीपाशी मोजायचा धडा आपल्या माळावरही चालतो. हिवाळ्यात इंदापूरकडे कडबनवाडीला, किंवा तिकडे गुजरातेत वेळावदरला, भोवत्ये दिवसभर गवतावर विखुरलेले असतात, ते मोजायला गेलास तर वेडा होशील. संध्याकाळी ते मुक्कामाच्या गवतात एकेक करून उतरतात तेव्हा मोजायचं. मी डिसेंबरात माहेरी आले की तेच करते. पहिल्या वर्षी सोबत भाचा होता, अंधार पडला तरी मोजत होता, म्हटलं काय मोजतोयस, म्हणाला वटवाघळं.

तर या शनिवारी यायचं म्हणतोयस ते ये. दुर्बीण ८ बाय ४२ पुरे, लांबचं दिसेल म्हणून बारा-पंधरा पटीची घेऊ नकोस, हात थरथरतो आणि आकाशाचा तुकडा एवढासा दिसतो. मागे रेलता येईल अशी खुर्ची आण, नाहीतर रविवारी मान फिरणार नाही. कपडे तुला वाटतात त्यापेक्षा दोन जास्त. गॉगल, टोपी. खायचं आणू नकोस, मी थालीपीठं आणते. आल्या आल्या लगेच मोजायला बसायचं नाही, पहिला तास नुसतं आकाश विंचरायचं, आधी साध्या डोळ्यांनी डोंगराची कड, मग दुर्बिणीने कडेच्या वरचा एक पट्टा डावीकडून उजवीकडे, मग त्याच्या वरचा उजवीकडून डावीकडे, मग थेट डोक्यावर, आणि परत पहिल्यापासून. कंटाळा येतो. येऊ दे. आणि सकाळी नऊला ये म्हणतेय ते तुझ्या घड्याळातले नऊ हं, फॉर्मवर आम्ही वर्षभर स्टँडर्ड टाइमच लिहितो, तिथे तेव्हा आठ वाजलेले असतात, मागच्या वेळी एक जण फॉर्म वाचून दहाला उगवला होता.